नमुनापट : फुलीच्या टाक्याच्या प्रारंभिक शिक्षणाचा इतिहास

नमुनापट : भरतकाम शिकताना, किंवा शिकलेले पुढे आठवावे म्हणून, ज्या कापडाच्या तुकड्यावर टाके, अक्षरे व आकृतिबंध भरून ठेवतात, त्या कापडास नमुनापट म्हणता येईल. इंग्रजीत त्यास सँप्लर अशी संज्ञा असून ती ‘उदाहरण’ वा ‘नमुना’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारा आली आहे. या संज्ञेने आज बहुधा फुलीच्या टाक्याने, म्हणजेच क्रॉस स्टिचने, भरलेला एक चौकटबंद पट डोळ्यांसमोर येतो : वर अक्षरमाला, तिच्याखाली अंक, मग एखादे घर, दोन झाडे, धार्मिक पद्याच्या चार ओळी आणि तळाशी भरणाऱ्या मुलीचे नाव, वय व वर्ष. नमुनापटाच्या दीर्घ इतिहासातील हा एक मधला टप्पा होय. फुलीचा टाका सर्वांत सोपा असल्याने तो नवशिक्यास प्रथम शिकवितात, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले, तरी पुरेसे नाही. यूरोपातील लक्षावधी मुलींच्या हाती हाच टाका प्रथम का देण्यात आला, याचे उत्तर बऱ्याच अंशी घरातील चादरी, अभ्रे व टॉवेल यांच्या हिशोबात सापडते. त्या हिशोबाच्या ओघातच अनेक मुलींना अक्षरे मिळाली. ती कितपत मिळाली, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

टाका व साधने : फुलीचा टाका हा मोजून घालावयाचा टाका आहे. कापडाच्या विणीतील उभे व आडवे धागे मोजून ठरावीक धाग्यांचा एक चौकोन धरावयाचा, त्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपा टाका घालावयाचा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांना जोडणारा दुसरा तिरपा टाका त्याच्यावरून न्यावयाचा, इतकीच त्याची कृती. छापा उठविण्याची किंवा रेखाटनाची त्यात गरज नसते, कारण विणीच्या चौकटी हाच त्याचा आराखडा असतो. त्यासाठी ताणा व बाणा सारख्या जाडीचे असलेले कापड आणि बोथट टोकाची सुई लागते. टोकदार सुई कापडाचा धागाच भेदते आणि टाका चौकटीच्या कोपऱ्यातून सरकतो. सहा पदरी दोऱ्यातील बहुधा दोनच पदर वेगळे काढून वापरतात. दोऱ्याची लांबी हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत पुरेशी होते. त्याहून लांब घेतल्यास तो कापडातून पुनःपुन्हा जाऊन पिंजतो. आरंभी गाठ मारीत नाहीत. दोऱ्याचे टोक मागील बाजूस धरून पहिल्या काही टाक्यांखाली दाबून टाकतात, म्हणजे इस्त्री केल्यावर पुढील बाजूस उंचवटा येत नाही. कापडाची दोनदा घडी घालून मध्यबिंदू काढतात व तेथून कामास आरंभ करतात, कारण कडेपासून सुरुवात केल्यास आकृती कापडात बसेल की नाही, हे काम अर्धे झाल्यावरच कळते.

नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका ठराविक असतात. पहिली, वरच्या टाक्याची दिशा बदलणे. सर्व फुल्यांची वरची भुजा एकाच दिशेने पडली पाहिजे. नाहीतर दोऱ्यावरील प्रकाश निरनिराळ्या बाजूंनी परावर्तित होतो आणि एकाच रंगाचा भाग डागाळलेला दिसतो. म्हणूनच ओळीतील सर्व अर्धे टाके जाताना घालावयाचे आणि परत येताना ते पुरे करावयाचे, अशी पद्धत शिकविली जाते. दुसरी चूक मोजणीची. ती अधिक फसवी असते, कारण एका धाग्याची चूक त्या जागी दिसत नाही. तीस ओळींनंतर फुलाची पाकळी देठाला मिळत नाही, तेव्हा ती उमगते आणि मग उसवीत मागे जावे लागते. तिसरी चूक दोरा ओढून घेण्याची; तिने कापड आकसते. या तिन्ही चुका वाचून फारशा सुधारत नाहीत, हाताने करूनच सुधारतात. नमुनापटाची गरज मुळात या अनुभवातून निर्माण झाली.

पेरूतील नाझ्का संस्कृतीच्या दफनस्थळांत आणि मामलूक काळातील (१२५०–१५१७) ईजिप्तमध्ये आकृत्यांचे तुटक नमुने भरलेली कापडे मिळाली आहेत. ईजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकलेल्या लिननच्या तुकड्यांवर एकमेकांशी संबंध नसलेले भौमितिक आकृतिबंध शेजारी शेजारी भरलेले दिसतात. ते वापरावयाचे वस्त्र नव्हते, तर आकृत्यांचे टिपण होते, हे उघड आहे. इंग्लंडमधील जुना लेखी उल्लेख राणी एलिझाबेथ ऑफ यॉर्क हिच्या खर्चाच्या हिशोबात आढळतो : १५०२ च्या जुलै महिन्यात राणीच्या नमुनापटासाठी एक एल लांबीचे लिनन कापड आठ पेन्सला घेतल्याची ती नोंद आहे. लिंकनशरमधील एका स्त्रीने १५४६ मध्ये मृत्युपत्राद्वारे आपला नमुनापट बहिणीच्या मुलीस ठेवला होता. यावरून त्या काळी नमुनापट हे बालिकेच्या अभ्यासाचे साधन नसून प्रौढ, कुशल स्त्रीचा संदर्भसंग्रह होता, असे दिसते. तो गुंडाळून पेटीत ठेवीत. एखाद्या मैत्रिणीच्या बाहीवर नवी वेलबुट्टी दिसली, की ती लगेच त्याच्या कोपऱ्यात उतरवून घेत. त्यामुळे त्या पटावर आरंभ, मध्य, शेवट अशी रचना नसते. जिथे जागा मिळाली तिथे नमुना भरलेला असतो.

तारीख नोंदविलेला सर्वांत जुना ब्रिटिश नमुनापट जेन बोस्टॉक हिचा, १५९८ सालचा असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे. १५९६ मध्ये जन्मलेल्या ॲलिस ली या बालिकेच्या जन्माची नोंद त्यावर भरलेली आहे. रेशमी व जरीचे धागे, मोती, मणी व कितीतरी प्रकारचे टाके त्यात असून अक्षरमालाही आहे. त्या अक्षरमालेत काही अक्षरे नाहीत, याचे नवख्या प्रेक्षकास नवल वाटते. त्यात भरणारीची चूक नाही. त्या काळी ‘आय’ व ‘जे’ आणि ‘यू’ व ‘व्ही’ ही अक्षरे पूर्णपणे वेगळी मानली जात नव्हती. सुईच्या अक्षरमालेने लेखणीच्या अक्षरमालेपेक्षा जुनी रूढी अधिक काळ जपली आणि अठराव्या शतकातील पटांवरही ही उणीव आढळते. आधीच्या पटावरून नवा पट उतरविला जाई, त्याचाच हा परिणाम होय.

सतराव्या शतकात नमुनापट लांब व अरुंद झाला. हातमागाच्या पन्ह्यातून काढलेल्या चिंचोळ्या पट्टीवर किनारींच्या आडव्या ओळी एकाखाली एक भरल्या जात. आरंभी सोप्या, पुढे अवघड. याच सुमारास भरणारीचे वयही उतरत गेले आणि पट हा मुलींच्या अभ्यासक्रमाचा भाग बनला. अमेरिकेतील ज्ञात असलेला सर्वांत जुना नमुनापट प्लिमथ वसाहतीतील लोरा स्टँडिश हिचा असून तो सु. १६५३ मधील आहे. वसाहतीचा लष्करी प्रमुख माइल्स स्टँडिश याची ही मुलगी अल्पवयातच वारली. तिचा पट मात्र प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात टिकून आहे. अठराव्या शतकात पट आखूड व चौकोनी होऊन त्याच्या चारही बाजूंना वेलीची किनार आली. पेटीत गुंडाळून ठेवावयाची वस्तू भिंतीवर टांगण्याची झाली, म्हणजेच संदर्भसंग्रहाचे प्रमाणपत्र झाले. टाक्यांची विविधता याच काळात घटली आणि फुलीचा टाका जवळजवळ एकटा उरला. कलेच्या दृष्टीने ही घसरण आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र येथूनच विषय खरा रंगतो.

घरातील कापडावर खूण करण्याची पद्धत यामागे होती. सुस्थितीतील यूरोपीय घरात चादरी, अभ्रे, टॉवेल व जेवणाच्या मेजावरील रुमाल यांचे संच डझनाच्या हिशोबात असत. धुलाई मोठ्या खेपेत, कित्येकदा अनेक आठवड्यांच्या अंतराने होई. प्रत्येक नगावर कोपऱ्यात कुटुंबाची आद्याक्षरे, संचातील क्रमांक आणि पुष्कळदा वर्ष भरलेले असे. त्यामुळे धुण्यात मिसळलेले कापड ओळखता येई, हरवलेल्या नगाचा पत्ता लागे आणि क्रमाने वापर करून संच सारखा झिजविता येई. या खुणा फुलीच्या टाक्याने भरीत. मोजून घातल्याने अक्षर सुबक येते, जागा थोडी लागते आणि ते कित्येक धुण्यांना टिकते. या कामामुळे टाक्यालाच ‘खुणेचा टाका’ असे नाव पडले होते. चादर दोन्ही बाजूंनी दिसत असल्याने उत्तम खूण मागूनही तितकीच नीटस असावी लागे. त्यासाठी सुईचा मार्ग आधी ठरवून घालावयाची, दोन्हीकडे सारखी दिसणारी फुली शिकवीत. तो प्रकार वरवर पाहता सोपा असला, तरी प्रत्यक्षात एखाद्या कोड्यासारखा आहे. अक्षराच्या शेवटी सुई नेमकी कोणत्या कोपऱ्यात येणार, हे पहिल्या टाक्याच्या आधीच ठाऊक असावे लागते.

सधन घरातील मुलीला हे ज्ञान भावी गृहिणी म्हणून, तर गरीब मुलीला मोलकरीण म्हणून उपयोगी पडे. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर याने १८३६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे ॲश्ली डाउन येथील मोठ्या इमारतींत नेलेल्या अनाथगृहातील मुलींचे पट या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. पांढऱ्या कापडावर बहुधा एकाच लाल दोऱ्याने, अत्यंत बारीक फुल्यांत, निरनिराळ्या आकारांच्या अक्षरमाला, अंक, किनारी व छोट्या आकृत्या त्यांत दाटीवाटीने भरलेल्या असतात. घर, झाड, पद्य यांस फारशी जागा नाही. घरकामाची नोकरी मिळविताना मुलीने दाखवावयाचा हा पुरावाच होता : इतक्या प्रकारची अक्षरे इतक्या लहान आकारात ही मुलगी बिनचूक भरू शकते. भिंतीवरील चित्रमय पटांपेक्षा हे पट दिसावयास रूक्ष असले, तरी कौशल्याच्या दृष्टीने ते बहुधा सरस ठरतात.

मुली अक्षरे भरीत होत्या; म्हणून त्या साक्षर झाल्या होत्या काय? तसे निश्चित म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये वाचन व लेखन ही दोन वेगळी कौशल्ये मानून क्रमाने शिकविली जात. वाचन आधी, लेखन नंतर, आणि गरिबांच्या बाबतीत ते ‘नंतर’ पुष्कळदा येतच नसे. हॅना मोर हिने १७८९ पासून मेंडिप टेकड्यांच्या परिसरात काढलेल्या शाळांत गरीब मुलांना धर्मग्रंथ वाचण्यापुरते वाचन व हाताचे काम शिकविले जाई, परंतु लेखन शिकविण्यास तिचा विरोध होता. अशा परिस्थितीत जिच्या हाती लेखणी दिली जात नसे, तिच्या हाती सुई मात्र होती आणि सुईला अक्षरे ठाऊक होती. समोरच्या पटावरून चौकोन मोजून ‘एस’ उतरविणारी प्रत्येक मुलगी तो वाचीत होती, असे नाही. आडव्या ओळीत शब्द मध्येच तोडणारे, अक्षरे उलटी भरणारे पट पाहिले, म्हणजे कित्येकींच्या दृष्टीने अक्षर ही आणखी एक वेलबुट्टीच होती, असे वाटते. तथापि काही मुलींनी या साधनाचा शिकविणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडे उपयोग केला.

त्यांत एलिझाबेथ पार्कर हिचा, सु. १८३० मधील पट सर्वांत विलक्षण आहे. ती पूर्व ससेक्समधील ॲशबर्नम येथील मजूर कुटुंबात १८१३ मध्ये जन्मली. लहान वयातच तिला घरकामाच्या नोकरीवर जावे लागले. तिच्या पटावर किनार नाही, घर नाही, अक्षरमाला नाही. लिननवर लाल रेशमाच्या बारीक फुल्यांत, ओळीमागून ओळ, विरामचिन्हांवाचून तिने आपली हकिगत भरली आहे. आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून विश्वासाच्या व्यक्तीजवळ बोलावे तसे हे येथे मांडीत आहे, अशा आशयाने ती आरंभ करते. मालकाकडून झालेली क्रूर वागणूक, त्यानंतर मनात आलेला आत्मघाताचा विचार, त्याचे पाप आणि क्षमेची याचना हे सर्व तीत येते. मजकूर एका प्रश्नाच्या मध्येच थांबतो आणि खाली कोरे कापड उरते. हा पट व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात असून तो पाहणाऱ्याची सहज समजूत होते की, त्या कोऱ्या जागेचा अर्थ तिचा मृत्यू असावा. वस्तुतः ती वयाच्या ७६ व्या वर्षापर्यंत जगली आणि गावातच शाळेत शिकवीत असे. एकेका अक्षरासाठी कित्येक फुल्या घालाव्या लागतात, हे ध्यानात घेतल्यास तो मजकूर भावनेच्या भरात घाईने उतरलेला नाही, हेही स्पष्ट होते. तो महिनोन्‌महिने, टाका टाका मोजून भरलेला आहे.

शाळाशाळांच्या पटांची वैशिष्ट्ये वेगळी असत. यॉर्कशरमधील क्वेकर पंथीयांच्या ॲकवर्थ शाळेतील (स्थापना १७७९) मुली भौमितिक पदकाकृती भरीत. पेनसिल्व्हेनियातील वेस्टटाउन शाळेत (१७९९) रेशमी पृथ्वीगोलावर रेखांश-अक्षांश भरून भूगोल शिकविला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस नकाशांचे पटही निघाले. अमेरिकेत एकाच शिक्षिकेच्या हाताखालील पटांतील किनार व घराची ठेवण सारखी असल्याने त्यांवरून नामशेष झालेल्या शाळांचा शोध लावता आला. जिथे मुलींच्या शाळांचे कागदपत्र उरले नाहीत, तिथे हे कापडच दप्तर ठरले. मिशनऱ्यांबरोबर पट दूरवर पोहोचले. सिएरा लिओनमध्ये गुलामांच्या जहाजांतून मुक्त केलेल्या मुलींच्या शाळांत १८३० नंतरच्या काळात भरलेले पट उपलब्ध असून त्यांवर मुलींची इंग्रजी ठेवलेली नावे आहेत. मूळ नाव ज्या कापडावर यावयाचे, तेथेच ते पुसले गेले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या शैक्षणिक नियमावलीने अनुदानित शाळांतील मुलींना साधे शिवणकाम आवश्यक केले. त्यात जाणारा वेळ मुख्यतः अंकगणिताच्या वाट्यातून जाई आणि परीक्षकही मुलींच्या गणिताकडे त्यामुळे सौम्य दृष्टीने पाहत. ज्या टाक्याचा सारा प्राण मोजणीत आहे, त्याच्या नावाखाली मुलींचे गणित कमी व्हावे, हा विरोधाभास त्या वेळी फारसा कोणाला जाणवलेला दिसत नाही. खुणेची शाई व छापील नावपट्ट्या स्वस्त झाल्यावर टाक्याचे मूळ व्यावहारिक कारण ओसरले. शाळेतील पट पुढे अनेक वर्षे चालू राहिला, तो मुख्यतः शिस्तीसाठी.

मुद्रित आराखडे : आकृत्यांची छापील पुस्तके नमुनापटाइतकीच जुनी म्हणता येतील. जर्मनीत आउग्जबर्ग येथे योहान शोन्स्पेर्गर याने १५२०–३० या दशकात असे पुस्तक काढले. न्यूरेंबर्ग येथील योहान झीबमाखर याच्या १५९७ मधील पुस्तकातील चौकटींवर मांडलेल्या आकृत्या पुढे शतकानुशतके उतरविल्या जात होत्या. या पुस्तकांच्या प्रती फार थोड्या उरल्या, कारण पाने फाडून, सुईने टोचून ती वापरून संपविली गेली. खरा पालट बर्लिनमध्ये झाला. तेथे १८०४ मध्ये चौकटींच्या कागदावर हाताने रंगविलेले आराखडे विक्रीस आले. १८१० च्या सुमारास व्हिटिख या प्रकाशकाने त्यांचा व्याप वाढविला आणि १८३१ नंतर ते लोकरीसह लंडनमध्ये नियमित येऊ लागले. एक चौकोन म्हणजे एक टाका व चौकोनाचा रंग म्हणजे दोऱ्याचा रंग, इतके कळले की, कोणासही काम करता येई. १८५६ मध्ये पर्किनने शोधलेल्या कृत्रिम रंजकद्रव्यामुळे लोकरीच्या छटाही भडक झाल्या. कुत्री, गुलाब व धार्मिक चित्रांच्या या लाटेवर अभिरुचीहीनतेचा आरोप तेव्हापासून होत आला असून तो सर्वस्वी निराधार नाही. पण शिकण्याच्या दृष्टीने झालेला बदल अधिक मूलगामी होता. आकृती आता स्वतः जपून ठेवण्याचे कारण उरले नाही. नमुनापटाचे मूळ काम कागदाने घेतले.

याच धाग्याचा पुढील टप्पा फ्रान्सच्या सरहद्दीवरील म्यूलूझ येथे दिसतो. तेथील १७४६ मध्ये स्थापन झालेल्या डीएमसी या सूतगिरणीशी सहकार्य करून तेरेझ द दिल्मों या विदुषीने १८८६ मध्ये स्त्रियांच्या हस्तकामाचा विख्यात कोश प्रसिद्ध केला. त्यात दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या फुलीचीही कृती आहे. जर्मनीत झिंडेलफिंगेन येथील त्स्वायगार्ट या विणकामसंस्थेचे आइदा कापड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचारात आले. त्यात धागे गटागटाने विणून चौकोन व कोपऱ्यांतील छिद्रे स्पष्ट केलेली असतात. इंचास १४ चौकोनांचे हे कापड आज नवशिक्यांसाठी सर्वत्र वापरले जाते. धागे मोजण्याचे कष्ट त्याने वाचविले. त्याबरोबर साध्या लिननवर लागणारी नजर नव्या शिकाऊस लाभेनाशी झाली, असे जुन्या जाणकारांना वाटते.

विसाव्या शतकात घरगुती छंद म्हणून या टाक्याचा प्रसार झाला. पुरुषांनीही तो हाताळला. क्रीट बेटावर १९४१ मध्ये पकडलेला ब्रिटिश अधिकारी मेजर ॲलेक्सिस कॅसडॅगली याने त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मन युद्धबंदी छावणीत एक पट भरला. वरकरणी त्यात गरुड, सिंह, हातोडा-कोयता अशी चिन्हे व साधा मजकूर आहे. किनारीतील ठिपके व रेषा मात्र मॉर्स लिपीत आहेत. त्यांत राजाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना असून हिटलरला दिलेली एक अश्लील शिवीही आहे. तुरुंगाधिकाऱ्यांनी कौतुकाने हा पट छावण्यांत प्रदर्शित केला. पॅलेस्टाइनमध्ये मुली आई-आजीकडून शिकत आलेल्या आणि पोशाखावरून गाव ओळखू येणाऱ्या भरतकामात हाच टाका मुख्य असून यूनेस्कोने २०२१ मध्ये त्या कलेचा अमूर्त वारशाच्या सूचीत समावेश केला. भरतकामाने स्त्रियांना आज्ञाधारक बनविले आणि त्याच भरतकामातून त्यांनी आपले बोलही उमटविले, ही दुहेरी भूमिका रोझिका पार्कर हिने १९८४ मधील ग्रंथात मांडली. तेव्हापासून नमुनापटांकडे पाहण्याची अभ्यासकांची दृष्टी बदलली.

भारत व महाराष्ट्र : मोजून घालावयाचे टाके भारताला नवे नव्हते. धारवाड भागातील कसुती भरतकामात गवंती, मुरगी, नेगी व मेंथी असे चार टाके असून मेंथी, म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा दिसणारा टाका, हा फुलीचाच प्रकार होय. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती या आकृत्या कापडावर न रेखाटता धागे मोजून भरतात. कसुतीने सजलेल्या पदराची इरकली लुगडी सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत परिचित असल्याने दक्षिण महाराष्ट्रातील घरांत हे काम पाहून माहीत होते. येथे शिकण्याचे साधन वेगळा पट नसून आईचे लुगडे हेच असे. शेजारी बसून पदरावरील आकृती मोजावयाची आणि आपल्या कापडावर उतरावयाची. अंगणातील ठिपक्यांच्या रांगोळीने मोजणीची सवय आधीच झालेली असे. या पद्धतीत अक्षराला मुळीच स्थान नव्हते, हा यूरोपीय परंपरेहून मोठा भेद आहे.

शाळेतील फुलीचा टाका पश्चिमेकडून आला. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली; १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार यांनी मुंबईत व नंतर अहमदनगर येथे (आता अहिल्यानगर) मुलींच्या शिक्षणाचे काम दीर्घकाळ केले. मिशनच्या मुलींच्या शाळांतून वाचनाबरोबर शिवणकाम शिकविले जाई. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिवणकामाचे वर्ग चालत. तेथे सुईकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती. विधवा व निराधार स्त्रीला स्वतःच्या कमाईचे साधन मिळावे, हा हेतू त्यामागे होता. मशीनवरील शिवण हे त्या दृष्टीने मोलाचे कौशल्य ठरले आणि फुलीचा टाका घरगुती हौसेकडे वळला.

ही हौस मराठी मध्यमवर्गीय घरांत विसाव्या शतकात चांगलीच रुजली. मॅटी नावाचे जाडसर, चौकटीच्या विणीचे कापड, दोऱ्याच्या रंगीत लडी आणि मासिकांतून किंवा मैत्रिणीकडून मिळालेला चौकटींच्या कागदावरील आराखडा एवढे साहित्य त्यास पुरे. टेबलक्लॉथ, अभ्रे, रेडिओवरील आच्छादने, मोर वा राधाकृष्णाचे चौकटबंद चित्र, दारावरचे ‘सुस्वागतम्’ असे त्याचे विषय. देवनागरी अक्षरे फुल्यांत बसविणे रोमन अक्षरांपेक्षा कठीण जाते. शिरोरेषा सरळ येते, पण वेलांटी, उकार व जोडाक्षरे यांच्या वक्र रेषांना चौकोन पुरत नाहीत आणि ‘श्री’ काढताना नवशिक्या मुलीची पहिली कसोटी लागते. लग्नातील रुखवतात अशा वस्तू आवर्जून मांडल्या जात. वधूच्या अंगची कला पाहुण्यांस दिसावी, हा तेथील उद्देश अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये दिवाणखान्यात पट टांगण्याच्या उद्देशाहून फारसा वेगळा नव्हता. रुखवतातील सर्व वस्तू वधूनेच भरलेल्या असत, असे मात्र समजू नये. बहिणी, आत्या, शेजारणी यांचा हात त्यात असे आणि तो सर्वांना ठाऊकही असे.

इंग्लंड-अमेरिकेतील पट नाव, गाव व वर्ष यांमुळे चर्चमधील जन्मनोंदींशी ताडून पाहता येतात. एलिझाबेथ पार्करच्या पुढील आयुष्याचा मागही अशा नोंदींमुळेच लागला. काही पटांवर वर्षाचे आकडे नंतर उसवलेले आढळतात. उतारवयात आपले वय उघड होऊ नये म्हणून भरणाऱ्या स्त्रीनेच ते काढले असावेत, असे मानतात. मराठी घरांतील मॅटीच्या कामावर नाव घातलेच, तर ते बहुधा देवाचे वा वधूवरांचे असे; भरणारीचे क्वचितच. म्हणून हे काम ट्रंकांत भरपूर उरले असले, तरी अभ्यासकाला त्यावरून व्यक्तीपर्यंत पोहोचता येत नाही.

नमुनापटाशी खऱ्या अर्थाने नाते सांगणारी वस्तू महाराष्ट्रात वेगळीच आहे. शाळेतील गृहशास्त्राच्या व शिवणवर्गातील विद्यार्थिनींना टाक्यांची वही ठेवावी लागते. हातभर कापडाचे सारखे चौकोनी तुकडे कापून प्रत्येकावर एकेक टाका, म्हणजे धावदोरा, उलटी टीप, साखळी, काज, फुली, घालावयाचा, तुकडा पानावर चिकटवून खाली टाक्याचे नाव व उपयोग लिहावयाचा, आणि बाईंची सही घ्यावयाची. वही भिंतीवर टांगली जात नाही आणि रुखवतातही मांडली जात नाही. परीक्षा झाल्यावर ती कपाटात जाते व फुलीची भुजा कोणत्या बाजूने वर घ्यावयाची याचा संभ्रम पडला, की पुन्हा बाहेर काढली जाते. तिच्यात टाका सुईने घातलेला असतो आणि त्याखालचे नाव त्याच मुलीने पेनाने लिहिलेले असते.